सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी पहिलाच ट्रेनिंग प्लॅन? मग हे वाच

कोचने 'इझी' लिहिलंय ना, तिथे खरंच सावकाश पळ. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही'वर गाडी आली की वेग कमी कर. ग्रुपमधलं कुणी पुढे निघालं तर जाऊ दे. नव्या लोकांचा प्लॅन बिघडतो तो इथेच: सोप्या दिवशी जोर लावायचा आणि इंटरव्हलच्या, म्हणजे आलटून पालटून जोरात-सावकाश पळायच्या दिवशी पाय जड.

मंगळवारचा सराव बुडाला तर बुडाला. बुधवारी दोन्ही दिवसांचं उरकू नकोस.

स्पर्धेच्या रस्त्याचं म्हणशील, तर सगळे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर डोंगराच्या चढाला घाबरतात, पण मांड्या खरा मार खातात परतीच्या उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरवत नाही. प्लॅनमधला उताराचा सराव गाळू नकोस. पावलं छोटी ठेव, अंग मागे टाकू नकोस. स्पर्धा सप्टेंबरात, म्हणजे बराचसा सराव पावसात. ओल्या बुटांत रात्री रद्दी कोंबायची, पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावायचं.

नडगी दुखली तर कोचला त्याच दिवशी सांग. नेमकं कुठे, कितव्या किलोमीटरला, चालतानाही दुखतं का, सगळं. 'जरा दुखतंय' एवढ्यावरून तो काय बदलणार?

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी होईल आणि पाय शिवशिवतील. तेव्हा गुपचूप जादा किलोमीटर मारू नकोस. घड्याळातलं सगळं कोचला ॲपवर दिसतं.