लकव्यानंतर वडील चालायला लागले, पण हात अजून लुळाच. मेंदूचा कोणता भाग गेला असेल? चेंडू दाबून तो पुन्हा चालू होईल का?

हालचालीचा हुकूम जिथून सुटतो तो भाग म्हणजे मोटर कॉर्टेक्स. एका कानावरून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत हेअरबँड लावा, साधारण त्याच्याखाली ही पट्टी येते. तिच्यातले बहुतेक तंतू मेंदूच्या बुंध्याशी बाजू बदलतात, म्हणून डावी पट्टी उजवं अंग हलवते. या पट्टीचा नकाशा १९३७ साली माँट्रियलच्या पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी छापला. त्यात पाय आहे दोन अर्धगोलांमधल्या फटीत, हात बाहेरच्या अंगाला, आणि पंजाला अख्ख्या धडापेक्षा जास्त जागा.

वडिलांचं कोडं इथेच बरंचसं सुटतं. बाहेरच्या अंगाला मधली धमनी रक्त पुरवते, फटीतल्या पायाला पुढची. गुठळी बहुतेक वेळा मधल्या धमनीत अडकते. शिवाय उभं राहायला मेंदूच्या बुंध्यातले जुने मार्गही हातभार लावतात. एकेक बोट सुटं हलवायला मात्र या पट्टीचेच तंतू लागतात. नेमकं काय गेलं ते एमआरआय बघूनच कळेल.

काहींचा लुळा हात जांभईबरोबर आपोआप वर उचलला जातो. घरचे हरखून जातात, पण ती हालचाल या पट्टीकडून आलेली नसते. ‘उचला’ म्हटल्यावर उचलला, तरच ती धरायची.

आता चेंडू. लकव्याची बातमी कळली की भेटायला येणारा प्रत्येक जण स्माइली बॉल घेऊन येतो, आणि मला याची मनापासून चीड आहे. अहो, मूठ आवळणं आधी परत येतं. अडतं ते उघडणं! बोटं आत वळवणारे स्नायू आधीच ताठ असतात, त्यांनाच दिवसभर आणखी आवळायला कशाला लावायचं?

त्यापेक्षा असं करा. कोपरापासूनचा हात टेबलावर, खाली दुमडलेला टॉवेल, मनगट कडेबाहेर, तळवा जमिनीकडे. मनगट वर उचलायला सांगा. १० अंश उचललं तरी पुष्कळ आहे. मग पंजात प्लास्टिकचा पेला द्या आणि तो *सोडायला* सांगा. बोटं उघडताना मनगट खाली पडतं. ते खालून तुमच्या दोन बोटांनी धरा. खांदा कानाकडे जायला लागला किंवा कंबर पुढे झुकली की थांबा, कारण तेव्हा काम हात करत नसतो. पाच-दहा वेळा करून भागत नाही, दिवसाला शेकड्यांनी आवर्तनं लागतात. मध्ये विश्रांती देत करा.

चांगल्या हाताला हातमोजा घालून दुबळ्याकडून काम करवून घेण्याची पद्धत खरी आहे. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर तपासलेली: दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्क्यांपर्यंत वेळ हातमोजा घातलेला, आणि दिवसाला सहा तासांपर्यंत सराव. त्यात घेतलेल्यांना मनगट आणि काही बोटं निदान १० अंश उघडता येत होती. तेवढंही नसेल तर हातमोजा घालू नका, माणूस नुसता चिडतो.

तेल चोळल्याने त्वचेला बरं वाटतं; पट्टीतल्या पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही. हुकूम वडिलांनीच सोडायचा असतो. मालिशवाल्याला द्यायचे पैसे फिजिओला द्या.

चेंडूने ताठरपणा वाढतोच असं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगतो. मूठच वळत नसेल, तर फिजिओच्या नजरेखाली थोडे दिवस चालेल.

आणि उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, तो खाली सरकतो, आणि एकदा दुखायला लागला की वडील हाताला हातच लावू देणार नाहीत. कमरेला धरून उठवा. बसले की कोपराखाली उशी द्या.