डुकाटी उभी ठेवू नका

प्रश्न : मला 2016 ची डुकाटी स्क्रॅम्बलर मिळते आहे. एकच मालक आणि नऊ वर्षांत जेमतेम 6 हजार किलोमीटर झालेले. विकणारे म्हणतात, "बेल्ट वगैरे अजून नवेच आहेत, गाडी चाललीच कुठे?" किंमतही बरी सांगतात. घेऊ का? – एक वाचक, नाशिक

घ्या, पण बेल्ट नवे आहेत हे गृहीत धरून नाही. ते जुने आहेत असं धरूनच किंमत बोला.

इटालियन गाडी पाहायला गेलं की लोक आधी ओडोमीटर पाहतात. मी तारखा पाहतो. तुमच्या स्क्रॅम्बलरमध्ये 803 सीसीचं हवेवर थंड होणारं जुळं इंजिन आहे. त्यात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवायला साखळी नसते, प्रत्येक सिलिंडरला एक असे दोन रबरी दातेरी बेल्ट असतात. सर्व्हिसच्या पुस्तिकेत बेल्टसाठी दोन मुदती दिलेल्या असतात, एक किलोमीटरची आणि एक वर्षांची. त्यातली जी आधी भरेल ती धरायची. जुन्या डुकाटींना 2 वर्षांची मुदत होती, अलीकडच्या गाड्यांना ती साधारण 5 वर्षांवर आली. नऊ वर्षांत एकदाही बेल्ट बदलले नसतील तर मुदत केव्हाच उलटून गेली. उभ्या गाडीतला बेल्ट पुलीवर एकाच जागी वाकून बसलेला असतो आणि त्याचं रबर तिथेच कडक होत जातं. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग व्हॉल्व्ह वाकतो आणि बहुतेक वेळा हेडचं कामही निघतं. दोन बेल्टांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा ॲलन की बरोबर न्या. मालकाची परवानगी घेऊन बेल्टवरची प्लास्टिकची झाकणं काढा, थोडेच स्क्रू असतात. दात झिजलेत का, कडेला धागे निघालेत का, पाठीवर बारीक तडे आहेत का ते बघा. मालक झाकण काढू देत नसेल तर मी तो व्यवहार तिथेच सोडून देईन.

पुढे फोर्कच्या नळ्या बघा. सील वाळले असतील तर नळीवर तेलाचं कडं दिसतं. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलायचंच. डबीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर ते बदललेलं नाही हे उघड आहे. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी 16 दिसलं तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलायचे. दोन्ही किल्ल्या आणि मूळ सर्व्हिस बुक मागून घ्या. इमोबिलायझरची दुसरी किल्ली नसली तर पुढे डोकेदुखी होते.

मग हिशेब मांडा : दोन बेल्ट, दोन टायर, सगळी ऑइलं, बॅटरी आणि व्हॉल्व्हची तपासणी. एवढी रक्कम सांगितलेल्या किमतीतून वजा करायची आणि तिथून बोलणी सुरू करायची. कमी चाललेली गाडी म्हणून जास्त पैसे मागण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. दर वर्षी फिरलेली, वेळेवर सर्व्हिसची बिलं फाटलेली 30 हजार किलोमीटरची डुकाटी मी तुमच्या 6 हजारवालीच्या आधी घेईन.

प्रश्न : माझ्याकडे डुकाटी मॉन्स्टर 795 आहे. इथले मिस्त्री म्हणतात, "डेस्मोचे टॅपेट आम्ही करत नाही, पुण्याला न्या." मी स्वतः लेथ आणि ग्राइंडिंगवर काम करतो. मला शिकता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या शेडमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस डेस्मोला घाबरत असेल तर मग ते करायचं कुणी? मी पिंपरीच्या एका टूलरूममधून निवृत्त झालो. माझ्याकडेही 795 च आहे आणि तिचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, मीच बघतो. हे काम अवघड म्हणता येणार नाही, मात्र ते सावकाश करावं लागतं.

आधी यंत्र समजून घेऊ. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. 1950 च्या दशकात स्प्रिंगचं पोलाद आजच्याइतकं चांगलं नव्हतं. फेरे वाढले की स्प्रिंग मागे पडायची, व्हॉल्व्ह तरंगायचा किंवा स्प्रिंगच तुटायची. फाबिओ तालिओनी हे अभियंते 1954 साली बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यात आले. त्यांनी बंद करण्याचं कामही कॅमकडेच दिलं, हेच डेस्मो. एक रॉकर (लहान तरफ) व्हॉल्व्ह ढकलतो आणि दुसरा चिमटीत धरून ओढतो. कल्पना त्यांच्या आधीची होती. मर्सिडीजने 1954 च्या रेसिंग मोटारीत ती वापरली होती. पण मोटरसायकलमध्ये ती टिकवून दाखवली ती तालिओनींनी. 1956 मध्ये स्वीडनच्या हेडेमोरा इथल्या ग्रां प्रीमध्ये त्यांची 125 सीसीची डेस्मो पहिल्याच शर्यतीत जिंकली. 1968 पासून हे तंत्र रस्त्यावरच्या गाड्यांत आलं आणि आज तुमच्या दारात उभं आहे.

आता काम. तुमच्या इंजिनात चार व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाला दोन फटी, एक उघडणाऱ्या आणि एक बंद करणाऱ्या बाजूची, म्हणजे एकूण आठ मापं. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्या. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. ज्या सिलिंडरचं माप घ्यायचं तो कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला आणा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन सगळ्यात वर. उघडणारा रॉकर आणि त्याखालची शिम (ठरावीक जाडीचा लहान तुकडा) यांच्यामध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पहिलं माप घ्या. मग बंद करणारा रॉकर खाली दाबून धरा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. दुसऱ्या मापातून पहिलं वजा केलं की बंद बाजूची फट मिळते. दाबताना थोडा जोर लागेल. त्या रॉकरवर एक लहान पिळाची स्प्रिंग असते, इंजिन सुरू होताना व्हॉल्व्ह बैठकीला टेकवून ठेवायला. डेस्मोत स्प्रिंगच नसते असं सांगणाऱ्यांना ही दाखवा.

मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात येतात. तुम्हाला ते नवं नाही, पण फीलरची पट्टी किती ओढून सरकते याचा हात बसायला वेळ लागतो. मी प्रत्येक माप तीनदा घेतो आणि तिन्ही जुळेपर्यंत पुढे जात नाही. आठही मापं वहीत तारीख आणि किलोमीटरसकट लिहा. पुढच्या वेळी तीच वही सांगते की कोणता व्हॉल्व्ह सरकतो आहे आणि कोणता स्थिर आहे. पुस्तिकेतली मर्यादा सुटली नसेल तर झाकण बंद करा आणि चहा प्या. मापात असलेल्या फटीला हात लावायचं काहीच कारण नाही.

शिम बदलायची वेळ आलीच तर दोन ठिकाणी जपा. बंद बाजूची शिम दोन अर्धकड्यांवर अडकलेली असते. कडी काढताना हेडमधल्या तेलाच्या वाटा स्वच्छ फडक्याने बुजवा. ते इवलंसं कडं त्या वाटेने इंजिनात गेलं की दिवसभराचं काम आठवडाभर चालतं. दुसरं म्हणजे कडी निघाली की व्हॉल्व्हला धरणारं काही उरत नाही. पिस्टन वर असेल तर व्हॉल्व्ह त्यावर टेकतो, खाली असेल तर सिलिंडरमध्ये पडतो. म्हणून टॉप डेड सेंटर पुन्हा एकदा तपासा, मगच कडीला हात लावा. नव्या शिमची जाडी मायक्रोमीटरने स्वतः मोजा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. जुनी शिम घासून पातळ करण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण ग्राइंडर हाताशी आहे. मी त्याच्या विरोधात आहे. वरचा कडक थर गेला की ती भराभर झिजते.

ही तपासणी तुमच्या गाडीला दर 12 हजार किलोमीटरला आहे. मागच्या सिलिंडरच्या झाकणांपर्यंत हात सहज पोचत नाही, त्यामुळे पहिल्यांदा अख्खा रविवार मोकळा ठेवा. आणि एकदा जमलं की आसपासच्या डुकाटीवाल्यांनाही शिकवा. 2020 च्या मल्टिस्ट्राडा व्ही4 पासून कंपनीने काही इंजिनांत पुन्हा साध्या स्प्रिंग घेतल्या. त्या मल्टिस्ट्राडाला तपासणी थेट 60 हजार किलोमीटरला येते. मालकाच्या सोयीचं आहे, मान्य. पण तुमच्या हातातली विद्या पुढे दुर्मीळ होणार आहे, म्हणून ती आत्ताच शिकून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने गाडी बंद ठेवतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करतो. बरोबर आहे ना? पेट्रोलचं काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

ती पाच मिनिटं बंद करा. तेवढ्या वेळात तेल पुरेसं तापत नाही, इंजिनात जमलेलं पाणी उडत नाही आणि स्टार्टरने खर्चलेली वीज बॅटरीत परत भरत नाही. एकतर पाऊस उघडला की अर्धा-पाऊण तास नीट चालवून आणा, नाहीतर गाडीला अजिबात हात लावू नका. बॅटरीला चांगला स्वयंचलित चार्जर जोडून ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर चार्जरही लिथियमचाच हवा.

पेट्रोलचं उत्तर टाकीवर अवलंबून आहे आणि तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. टाकी पत्र्याची असेल तर ती काठोकाठ भरून ठेवा. आतल्या मोकळ्या हवेत ओलावा असतो आणि पत्रा तिथूनच गंजतो. मात्र 2000 च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही डुकाटींच्या टाक्या नायलॉनच्या आहेत, त्यांना नेमकी उलटी वागणूक लागते. नायलॉन ओलावा आणि इथेनॉल शोषून फुगतं. मग टाकीचे बिजागर आणि बोल्टची भोकं जुळेनाशी होतात. आता आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, त्यामुळे हा विषय आपल्यासाठी जास्तच महत्त्वाचा झाला आहे. अशी टाकी पावसाळ्याआधी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून कोरड्या खोलीत वाळू द्या. फुगलेली टाकी वाळल्यावर बऱ्यापैकी आत येते. माझी टाकी जूनच्या आधीच उतरते आणि माळ्यावर जाते.

एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनला हवा पुरवणाऱ्या पेटीचं, तोंड जाळीने बंद करा. कोकणात उंदरांना ती जागा फार आवडते.

प्रश्न : नोकरीनिमित्त मिलानजवळ राहते. पहिली मोटरसायकल म्हणून जुनी मोटो गुझी व्ही7 घेतली, 744 सीसी. माहेरी सगळे म्हणतात, डुकाटी का नाही घेतलीस? टॅपेट स्वतः करता येतील का? – एक वाचक, इटली

ताई, फार चांगली निवड केलीत. गुझीची दोन सिलिंडरं दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतात, टॅपेटची झाकणं थेट समोर येतात. टाकी काढायची नाही, बेल्ट नाही, डेस्मो नाही. स्क्रू आणि लॉकनट, बस. फीलर गेज, पाना आणि शांत डोकं एवढ्यावर दर 10 हजार किलोमीटरचं हे काम तुमच्या पार्किंगमध्ये होईल. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजा. चेनऐवजी शाफ्ट आहे. मागच्या गिअरपेटीचं तेल मात्र लोक विसरतात, ते वेळेवर बदला. उभी असताना ॲक्सिलरेटर दिलात की गाडी एका बाजूला झुकते. क्रँकशाफ्ट लांबीत बसवलेला असल्यामुळे तसं होतं, तो दोष नाही.

तिथली सक्तीची तपासणी, रेव्हिझिओने, गाडी चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा आणि मग दर दोन वर्षांनी असते. मागच्या मालकाची ती तारीख कागदावर पाहून घ्या. आणि कोमो सरोवराच्या काठाने मांदेल्लो देल लारियोला जा. 1921 पासून गुझीचा कारखाना त्याच गावात आहे आणि आवारातच संग्रहालय आहे. तुमच्या गाडीच्या टाकीवरचा गरुड ज्योवान्नी रावेल्ली या वैमानिकाच्या आठवणीत आहे. कार्लो गुझी आणि ज्योर्ज्यो पारोदी यांच्याबरोबर तो कंपनी काढणार होता, पण त्याआधीच विमान अपघातात गेला.

प्रश्न : मुलाला एप्रिलिया आरएस 457 हवी आहे. इटालियन म्हटल्यावर सर्व्हिसच्या खर्चाची भीती वाटते. – एक वडील, सोलापूर

ही गाडी तुमच्यापासून फार लांब बनत नाही, बारामतीला पियाजिओच्या कारखान्यात बनते. कॅमला साखळी आहे, त्यामुळे वर लिहिलेल्या बेल्टची आणि डेस्मोची काळजी हिला लागू नाही. ब्रेक ब्रेम्बोच्या बायब्रे या मालिकेचे आहेत. घ्यायच्या आधी सोलापुरातून जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते बघा आणि पहिल्या तीन सर्व्हिसचे दर त्यांच्याकडून लिहून घ्या. गाडीबरोबर हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि बूट यांचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. मुलाने आधी 150-200 सीसीची गाडी किमान वर्षभर चालवलेली नसेल तर त्याला वर्षभर थांबायला सांगा. माझ्या मुलाला मी हेच सांगितलं होतं.