इन्सुलिन लागलं म्हणजे आता संपलंच का?

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं की पेशंटला माझ्याकडे पाठवतात. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका दवाखान्यात मी मधुमेहींचं समुपदेशन करते. इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, सुई कुठे टोचायची, हे शिकवणं माझं काम. पण खुर्चीत टेकल्यावर पहिला प्रश्न सुईचा नसतोच. ‘एकदा सुरू झालं की सुटत नाही ना?’, ‘म्हणजे शेवटची स्टेज का?’, ‘गोळ्या वाढवून नाही का भागणार?’ याच गोष्टी लोक शब्द बदलून विचारत राहतात. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची हकिकत सांगते, म्हणजे या प्रश्नांमागे काय असतं ते कळेल. त्यांना आप्पा म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आप्पांचं वय एकसष्ट, मधुमेहाला तेरा वर्षं झालेली. दोन प्रकारच्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये चालू, तरी उपाशीपोटीची साखर २४०, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) १०.४. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता आणि गावात लोक ‘तब्येत छान उतरवली’ म्हणत होते. ते उतरणं चांगलं नव्हतं. साखर पेशींत शिरत नाही तेव्हा शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून खातं. डॉक्टरांनी रात्रीचं दहा युनिट ग्लार्जिन, म्हणजे लांब पल्ल्याचं इन्सुलिन, लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी ऑक्टोबर छाटणीच्या आधीची आणि आप्पा माझ्यासमोर आले ते बागेतलं थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, आटोपल्यावर. मधले महिने चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात. “दोनदा धुण्यातून मीच काढून ठेवली,” त्यांची सूनबाई म्हणाली.

“ताई, तुम्ही आता समजूत घालणार, ठाऊक आहे मला,” आप्पांनी सुरुवातच अशी केली. “पण आमच्या आत्याला लावलं होतं. चांदवडला असायची. इन्सुलिन सुरू केलं आणि पंधरा दिवसांत पाय कापला.”

अशा वेळी ‘इन्सुलिनने पाय जात नाही’ असं म्हणून उपयोग नसतो. समोरच्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मी फक्त क्रम विचारला. पायाला जखम कधी झाली? चैत्रात, काटा रुतला होता. दवाखान्यात कधी नेलं? आषाढात. मधे काय केलं? हळद, तेल, गावातला मलमपट्टीवाला. साखर? ती कुणी बघितलीच नव्हती. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर इन्सुलिन लावलं, कारण जखम सडत असताना, ऑपरेशन तोंडावर असताना साखर झटपट आणि खात्रीने खाली आणायची तर गोळ्यांवर विसंबता येत नाही. आप्पा बोटांवर महिने मोजत होते. मग म्हणाले, “म्हणजे पाय आधीच गेलेला होता.” मी मान डोलावली. पुढचं त्यांचं त्यांनी जोडलं.

आपल्याकडे इन्सुलिन बदनाम झालं ते असं. ते उशिरा येतं, म्हणून संकटाच्या शेजारी उभं दिसतं आणि संकटाचं खापर त्याच्यावर फुटतं. दुसरं कारण मला जास्त खुपतं. वर्षानुवर्षं डॉक्टर, नातेवाईक, शेजारी, सगळेच पेशंटला दम देतात: ‘पथ्य पाळा, नाहीतर इन्सुलिन लावावं लागेल.’ मास्तरांच्या छडीसारखं औषध दाखवत राहिल्यावर ते लिहून दिलं त्या दिवशी माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटलं, तर नवल काय? आप्पांच्या मनात तेच होतं. “गोड सोडलं, भात कमी केला, वावरात बिनसाखरेचा चहा पितो. अजून काय चुकलं माझं?”

काही चुकलं नव्हतं. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. यूकेपीडीएस या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की निदान होतं तेव्हाच या पेशींची साधारण निम्मी क्षमता गेलेली असते. गोळ्या उरलेल्या पेशींकडून काम करून घेतात किंवा असलेलं इन्सुलिन नीट वापरायला मदत करतात. तेरा वर्षांनी पेशीच कमी पडत असतील तर गोळीने तरी काय करावं? सगळ्यांनाच इन्सुलिन लागतं असं नाही. हल्ली इतरही औषधं आहेत आणि डॉक्टर आधी त्यांचा विचार करतात. पण वजन झरझर घटतंय, एचबीए१सी दहाच्या वर आहे, तेव्हा थांबण्यात शहाणपण नसतं.

“पण रात्री जेवून झोपल्यावर काही खात नाही, तरी सकाळी २४० कशी?” हा प्रश्न सूनबाईचा. हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं सगळं काम इथेच आहे. आपण झोपलो तरी यकृत थोडीथोडी साखर रक्तात सोडत राहतं, मेंदूला रात्रभर लागते म्हणून. निरोगी माणसात त्या साखरेवर लगाम ठेवण्यापुरतं इन्सुलिनही सतत झिरपत असतं. आप्पांचं झिरपणं कमी पडत होतं. ग्लार्जिन त्वचेखाली गेल्यावर तिथेच त्याचे बारीक कण जमतात आणि साधारण चोवीस तास हळूहळू विरघळत राहतात. डेग्लुडेक नावाचं आणखी एक आहे, त्याचा असर बेचाळीस तासांच्याही पुढे जातो. आप्पांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. “म्हणजे ठिबक! आणि जेवणाआधी घेतात ते पाटपाणी.” बागायतदाराला याहून जास्त काय सांगायचं? पुढचे दोन नियम त्यातूनच आले. एक वेळचं जेवण हुकलं म्हणून हे इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. एकादशी किंवा नवरात्राचा उपास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवायचा. आणि लग्नात जेवण जास्त झालं म्हणून हे दोन युनिट जास्त घ्यायचं नाही, कारण ते जेवणासाठी नाहीच.

सवयीचं काय? इन्सुलिनची चटक लागत नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून आहे. टाइप १ वाल्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही; त्यांना ते बंद केलं तर जिवावर बेततं, तिथे सुटण्याचा प्रश्नच नाही. टाइप २ मध्ये साखर फार दिवस चढलेली राहिली की उरल्यासुरल्या पेशीही दबतात; साखर उतरली की त्या थोड्या सावरतात आणि काहींचा डोस कमी होतो, काहींचं इन्सुलिन बंदही होतं. आप्पांना मी तसं आश्वासन दिलं नाही. ‘चार महिने घ्या, मग सुटेल’ असं सांगून पेशंटला राजी करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. चार महिन्यांनी सुटलं नाही की माणूस औषध आणि आपण, दोघांवरचाही विश्वास टाकतो.

मग पेन काढलं. आप्पांच्या बोटांना भेगा पडलेल्या, नखांच्या कडा औषधफवारणीने पिवळट. चार मिलिमीटरची सुई त्यांनी उजेडाकडे धरून बघितली आणि सूनबाईकडे वळून म्हणाले, “एवढीच?” त्यांच्या डोक्यात लहानपणीची, उकळून घ्यायची काचेची सिरिंज होती. नवी सुई आट्यांवर फिरवून बसवायची, दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का बघायचं, मग डोस फिरवायचा. बेंबीपासून चार बोटं सोडून, सरळ नव्वद अंशात टोचायचं आणि बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवायची. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. बटण दाबलं की लगेच सुई ओढतात आणि औषधाचा थेंब कातडीवर राहतो. आप्पांनी नुसत्या सुईने स्वतःच्या पोटावर करून बघितलं. दहाऐवजी वीस मोजले.

वेळेची अडचण मात्र माझ्याही ध्यानात आली नव्हती, ती सूनबाईने काढली. शेतीची लाइट आलटूनपालटून दिवसाची आणि रात्रीची असते. रात्रपाळी असली की आप्पा दहाला घरात नसतात, मोटारीवर असतात. थंडीत निफाडचा पारा फारच उतरला तर बागेत शेकोट्या पेटवायला पहाटेपर्यंत बाहेर. लांब पल्ल्याचं इन्सुलिन रात्रीच घ्यावं लागतं असं काही नाही. रोज एकाच वेळी घ्यावं लागतं. डॉक्टरांशी बोलून वेळ सकाळी सातची केली, चहाच्या आधी. सात वाजता आप्पा कुठूनही घरी असतात. आधीच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन तशीच राहिली, ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी निम्मी केली, कारण ती गोळी आणि इन्सुलिन मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते.

तेवढ्यासाठीच खिशात ग्लुकोजची पुडी. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक कडकडून भूक किंवा विनाकारण चिडचिड असं झालं तर साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात घालून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर आधी साखर खायची, शंका नंतर. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. “बागेत असलो तर द्राक्षं चालतील?” आप्पांनी विचारलंच. चालतील, लहान पंधरा-सतरा मणी म्हणजे जवळपास तेवढीच कर्बोदकं होतात. पण द्राक्षं बारा महिने वेलीवर नसतात, पुडी असते.

तीन आठवड्यांनी फोन आला, आवाज पडलेला. “ताई, दहाचे सोळा झाले. रोग वाढत चाललाय.” हा गैरसमज मी आधीच काढायला बघते, तरी तो येतोच. दहा युनिट ही सुरुवात असते, मुद्दाम कमी ठेवलेली. मग उपाशीपोटीची साखर बघत दर तीन दिवसांनी दोन युनिट, असं डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनी ८० ते १३० च्या टप्प्यात येईपर्यंत वाढवत नेतात. कुणाला चौदा पुरतात, कुणाला चाळीस लागतात. आप्पा बावीसवर थांबले. सकाळची साखर ११८, १२४ अशी दिसू लागली, रात्रीचं उठणं एकावर आलं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.६.

पुढे एकदा गाडी घसरली. तोच डोस, तेच जेवण आणि साखर कधी १२०, कधी २१०. मी सदरा वर करायला लावला. बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ. तिथे दुखत नाही म्हणून आप्पा रोज तिथेच टोचत होते आणि सुई चार-पाच दिवस तीच. एकाच जागी सतत इन्सुलिन गेलं की खालची चरबी सुजून तिची गाठ होते, दुखणं कमी होतं हे खरं, पण औषध तिथून कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा बदलायची: पोटाची उजवी बाजू, डावी बाजू, मग मांड्या, आणि दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकून. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तेच युनिट जास्त लागू पडतं आणि साखर अचानक उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी डोस आधी थोडा कमी केला. वापरलेल्या सुया ते बागेच्या कचऱ्यात टाकत होते, जिथे मजूर बायका अनवाणी फिरतात. आता औषधाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात जातात.

उन्हाळ्याचं सूनबाईला वेगळं सांगावं लागलं नाही. न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, दारातल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वापरातलं ग्लार्जिनचं पेन तीस अंशांच्या आत, २८ दिवस. पेनावर ती उघडल्याची तारीख लिहिते. चैत्र-वैशाखात वापरातलं पेन माठाशेजारी, ओल्या फडक्यात ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, पिशवीत बांधून म्हणजे पाणी लागत नाही.

तिचा शेवटचा फोन एका रविवारी संध्याकाळी आला. पेनात चौदाच युनिट उरलेले, सकाळी बावीस लागणार. आप्पांच्या धाकट्या भावाला सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन मिळतं, व्हायल म्हणजे औषधाची बाटली, आणि लाल टोपीची सिरिंज. तो म्हणे, ‘औषध एकच, माझ्यातलं घे.’ औषध एकच नव्हतं. भावाचं मिक्स इन्सुलिन, जेवणाआधी घ्यायचं, दुधाळ दिसणारं. आप्पांचं पाण्यासारखं स्वच्छ. मग भावाने दुसरी युक्ती काढली, त्याच्या सिरिंजने आप्पांच्या नव्या पेनातून औषध ओढायची. लाल टोपीची सिरिंज मिलिलिटरमागे ४० युनिटच्या व्हायलसाठी असते. पेनातलं इन्सुलिन १०० युनिटचं. त्या सिरिंजवर बावीसच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर आप्पांच्या अंगात पंचावन्न युनिट गेले असते. आणि सुई बदलून एकमेकांचं पेन वापरणंही नाही, कारण टोचताना रक्ताचा अंश मागे पेनात जाऊ शकतो.

मी म्हटलं, सकाळी चौदा या पेनातून दे आणि उरलेले आठ नव्या पेनातून, दुसऱ्यांदा टोचून. नवं पेन घरात होतंच. पण त्याच्या पुढचं आणायचं राहिलं होतं, म्हणून तिला वाटलं होतं की नवं मोडायला नको. सोमवारी तिने पिंपळगावहून दोन पेनं आणली आणि भावाच्या सिरिंजच्या डब्यावर मार्करने ठळक ‘४०’ लिहून तो आप्पांच्या फ्रिजमधून त्याच्या घरी पाठवून दिला.