पुनर्विकासाचा कॉर्पस आणि परदेशातील चांदीच्या शिरा

मुलुंड येथील एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६२, खासगी कंपनीतून निवृत्त, निवृत्तिवेतन नाही. मुदत ठेवी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या व्याजावर घर चालते. सोसायटीच्या पुनर्विकासात विकासकाकडून १४ लाख रुपयांचा कॉर्पस हाती आला आहे. कॅनडात व्हँकुव्हरला स्थायिक झालेल्या भाच्याने, तिथल्याच ब्रिटिश कोलंबियातील स्लोकन परिसरात चांदी, शिसे व जस्त यांच्या जुन्या शिरांवर शोधकाम करणाऱ्या एका लहान सूचीबद्ध कंपनीत स्वतः पैसे घातले असून मामांनीही १२ लाख घालावेत, असा त्याचा आग्रह आहे. कंपनीचे सादरीकरण त्यांनी पत्रासोबत जोडले आहे. “हिंदुस्तान झिंकलाही चांदी शिसे-जस्ताच्या खनिजातूनच मिळते, मग यात वेगळे काय?” असे ते विचारतात.

माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र नुसते ‘धोका आहे’ म्हणून आपले समाधान होणार नाही, म्हणून आधी जमिनीखालची बाजू पाहू.

हिंदुस्तान झिंकची तुलना येथे लागू पडत नाही. राजस्थानातील रामपुरा-आगुचा हा १९७७ साली सापडलेला साठा गाळाच्या मूळ खडकांतच थरासारखा पसरलेला, चांगला जाड आणि सलग आहे. काही ठिकाणी छिद्रे घेतली की मधल्या भागाचा अंदाज बऱ्याच विश्वासाने बांधता येतो. स्लोकनमधील साठे शिरांचे आहेत. खोलवरून वर येणारे उष्ण, खारट पाणी खडकांतील भेगांमधून जाताना थंड होते किंवा त्याची रासायनिक स्थिती बदलते, आणि त्यात विरघळलेले धातू गॅलेना (शिशाचे खनिज), स्फॅलेराइट (जस्ताचे), टेट्राहेड्राइट (चांदी धरून ठेवणारे) अशा खनिजांच्या रूपाने क्वार्ट्झ, कॅल्साइट व सिडेराइट या इतर खनिजांसोबत साचतात. जिथे भेग रुंद उघडली तिथे खनिज भरपूर आणि जिथे ती मिटली तिथे जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे समृद्ध भाग माळेतल्या मण्यांसारखे अंतराअंतरावर येतात. त्यातच नंतरच्या प्रस्तरभंगाने शीर मध्येच तुटून बाजूला सरकलेली असते. एका छिद्रात लागलेली चांदी वीस मीटरवरच्या छिद्रात लागेलच, असे म्हणता येत नाही.

अशा शिरांतून मोठी संपत्ती निघालेली आहे, हेही नमूद करायला हवे. कॅनडातल्याच युकॉनमधील कीनो हिल परिसरातून १९१३ ते १९८९ या काळात २० कोटी औंसांहून अधिक चांदी निघाली. स्लोकनमध्येही १८९१ साली एली कार्पेंटर व जॅक सीटन यांना गॅलेना सापडल्यावर धावपळ उडाली, सँडन हे गाव उभे राहिले आणि १८९५ पर्यंत तिथे रेल्वे पोहोचली. दरम्यान १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला होता. त्या काळी खनिज हाताने निवडून पाठवले जाई. जस्त जास्त असेल तर धातू गाळणारे कारखाने उलट दंड कापत. म्हणून सादरीकरणातील “१८९० च्या दशकातील मालात टनामागे कित्येक किलो चांदी” हे वाक्य निवडून वेचलेल्या मालाचे आहे, शिरेच्या सरासरीचे नाही.

त्याच सादरीकरणातील इतिहासाचे पान मला सर्वांत बोलके वाटले. सुरुवातीचे बोगदे, दुसऱ्या महायुद्धानंतरचा छोटा प्रयत्न, १९८० च्या दशकातील ड्रिलिंग, मग दीर्घ शांतता आणि आता ही कंपनी. ‘आधीच्यांनी अर्धवट सोडलेले काम’ असा त्याचा अर्थ कंपनी लावते. माझ्या मते आधीच्या प्रत्येकाने खर्च आणि मिळकत यांचा हिशेब मांडूनच काम थांबवले असण्याची शक्यता अधिक आहे. १९८० च्या दशकातील साठ्याचा आकडाही दिला आहे, पण त्याखाली बारीक अक्षरांत ‘ऐतिहासिक अंदाज’ असे लिहिले आहे. ब्री-एक्स कंपनीचा इंडोनेशियातील सोन्याचा बनाव १९९७ साली उघड झाल्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये जे कडक प्रकटीकरण नियम आणले, त्यांनुसार असा आकडा आजचा साठा म्हणून मांडता येत नाही. कंपनीने नियम पाळला आहे; आपण मात्र तो आकडा आजचा समजून वाचला आहे.

आता ज्या ओळीखाली आपण रेघ मारली आहे तिच्याकडे वळू : ०.७० मीटर लांबीत टनामागे २,१४० ग्रॅम चांदी. ही लांबी छिद्रातून बाहेर काढलेल्या दगडी गाभ्याची आहे. शेजारच्या आकृतीत छिद्र शिरेला सुमारे ३० अंशांत छेदताना दिसते, म्हणजे शिरेची खरी जाडी निम्मी, ०.३५ मीटर. इतक्या अरुंद जागेत खाणकाम होत नाही. किमान दीड मीटर रुंदी धरली आणि बाजूचा खडक कोरा मानला, तर सरासरी ५०० ग्रॅमच्या आसपास येते. ५०० ग्रॅम वाईट नव्हे. परंतु नकाशावर नऊ छिद्रे आहेत आणि तक्त्यात तिनांचेच निकाल आहेत. शिवाय ‘चांदी-समतुल्य’ (शिसे-जस्ताची किंमत चांदीत मोजून मिळवलेला) म्हणून छापलेल्या ठळक आकड्यात शिसे आणि जस्त शंभर टक्के हाती लागेल असे गृहीत धरले आहे, जे प्रत्यक्षात कधीच घडत नाही.

या कंपनीला उत्पन्न नाही. प्रत्येक हंगामाचे ड्रिलिंग नवे शेअर विकून होते, त्यामुळे निकाल बरे आले तरी आपला हिस्सा आटत जातो. भाच्याचा हिशेब वेगळा असू शकतो. कॅनडात ‘फ्लो-थ्रू’ शेअर घेणाऱ्या करदात्याला कंपनीच्या शोधखर्चाची वजावट स्वतःच्या उत्पन्नातून मिळते. त्याने ते शेअर घेतले असतील, तर त्याच्या नुकसानीचा काही भाग तिथला कर आधीच भरून काढतो. तुम्हा मुंबईकर मामांना ती सवलत नाही. आपल्याला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पैसे पाठवावे लागतील, वर्षात १० लाखांपुढील रकमेवर २० टक्के कर उगमापाशी जमा होईल (तो विवरणपत्रात वळता होतो) आणि परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी नोंद करावी लागेल. भाच्याच्या नावावर शेअर घेऊन हे टाळण्याचा विचार तर मुळीच करू नये.

दुसरी बाजू सोसायटीच्या बिलाची आहे. आपणच लिहिले आहे की, जुन्या इमारतीत देखभाल खर्च ३,५०० रुपये होता आणि नव्या इमारतीत लिफ्ट, पोडियम, सुरक्षारक्षक यांसह तो ११,००० होणार आहे. फरक महिन्याला ७,५००, वर्षाला ९०,००० रुपये. १४ लाखांवर ७ टक्के धरले तर ९८,००० येतात. म्हणजे हा कॉर्पस मोकळा पैसा नाही. तो ज्या खर्चासाठी दिला गेला आहे, त्याला जेमतेम पुरतो. त्यातील १२ लाख काढल्यास ताबा मिळाल्याच्या पहिल्या महिन्यापासून बिल घरखर्चातून भरावे लागेल.

चांदीवरच विश्वास असेल, तर २०२२ पासून भारतीय बाजारात चांदीचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) उपलब्ध आहेत. भाव खाली-वर होईल, पण शीर संपण्याचा प्रश्न तिथे नाही. त्यासाठीही कॉर्पसला हात न लावता आपल्या म्युच्युअल फंडांतील थोडा भाग वळवावा. भाच्याचे मन राखायचेच असेल, तर त्याच फंडांतून ५०,००० रुपयांपर्यंतची, पूर्ण बुडाली तरी झोप उडणार नाही अशी रक्कम, आणि तीही उरलेल्या सहा छिद्रांचे निकाल कंपनीने लेखी जाहीर केल्यानंतरच. ते निकाल मागणारा ईमेल भाच्याला आजच पाठवता येईल. कॉर्पसची मुदत ठेव मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता करून टाकावी.