आठवीच्या मुलांना जर्मन विषयातून कसं शिकवावं आणि त्यात स्मार्टबोर्डचा उपयोग किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शाळेनं स्मार्टबोर्ड बसवून दिलाय, प्रशिक्षणात 'क्लिल' म्हणजे विषय आणि भाषा एकत्र शिकवायची पद्धत ऐकलीत, पण मुलांचं 'डेअर-डी-डास' (नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणारे शब्द) अजून कच्चं आहे, तर जर्मनमधून विषय शिकवायचा कसा?

मी पुण्यात चौदा वर्षं शाळेत जर्मन शिकवते. जरूर शिकवा, पण विषय छोटा घ्या आणि बोर्डापेक्षा मुलांच्या बोलण्याची व्यवस्था आधी करा.

माझा सगळ्यात चांगला चालणारा पाठ कचऱ्याचा आहे. जर्मनीत बहुतेक गावांत कागदाचा डबा निळा, वेष्टनांचा पिवळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत पांढरी, हिरवी, तपकिरी अशा रंगांप्रमाणे टाकायच्या. आपल्या मुलांना घरचा ओला-सुका कचरा माहीत असतो, त्यामुळे विषय समजावण्यात वेळ जात नाही. बोर्डावर डब्यांचे फोटो लावते आणि मुलं सांगतात, 'डास पापिअर कोम्ट इन डी ब्लाउअ टोनऽ', कागद निळ्या डब्यात जातो. मग विचारते, आता कागद कुठे आहे? 'इन डेअर टोनऽ'. 'डी'चं 'डेअर' का झालं, हे मूल स्वतःहून विचारतं, आणि व्याकरण सुरू करायची वेळ तीच. मराठीत 'डब्यात टाक' आणि 'डब्यात आहे', दोन्हीकडे 'डब्यात'च. जर्मन मात्र आत जाणं आणि आत असणं वेगळं धरते. हा फरक तक्त्यावरून शिकवला तेव्हा परीक्षेपुरता टिकला. हातात रिकामी बाटली घेऊन शिकवला तेव्हा पुढच्या वर्षीही आठवत होता.

एका गटानं घरी 'ओला कचरा' भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला आणि 'नासर आबफाल' लिहून आणलं. शब्दशः बरोबर, पण त्या तपकिरी डब्याला तिथे 'बिओटोनऽ' म्हणतात. मी रागावले नाही. ॲपला शब्द माहीत असतो, डबा माहीत नसतो, हे मुलांना त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. तेव्हापासून नियम केला : ॲप वापरा, पण तो शब्द जर्मन नगरपालिकेच्या कचऱ्याच्या पानावर सापडला तरच वहीत लिहायचा.

दुसरा पाठ बाटलीच्या अनामत रकमेचा. 2003 पासून तिथे पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर अनामत घेतात, आज ती 25 सेंट आहे. बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे परत. बारा बाटल्यांचे किती? तीन युरो. हिशोब मराठी शाळेतला, भाषा जर्मन. आणि 25 ला जर्मन म्हणते 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे अडखळतात. तुम्ही 'पंचवीस'ची आठवण करून द्या, पाच आधीच आहे त्यात.

आता तंत्रज्ञानाकडे येते, पण आधी थोडा इतिहास. 1965 मध्ये कॅनडात माँट्रियालजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. पुढे अशा वर्गांचा अभ्यास करताना कॅनडातल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांच्या लक्षात आलं की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांना समजतं छान, पण बोलण्या-लिहिण्यातल्या चुका राहतातच. त्यांचं म्हणणं, मुलांना भाषा बोलायला लावली पाहिजे, तीही नेमकेपणानं. मला हे फार पटतं, कारण आपल्या वर्गात अडचण तीच. तास 35 मिनिटांचा, मुलं 40. सगळा वेळ मुलांना दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. स्मार्टबोर्ड यात काही भर घालत नाही, तो दाखवतो. भर घालतो साधा फोन.

चारजणांत एक फोन द्या. प्रत्येकानं अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं : कुठली वस्तू, कुठल्या डब्यात, का. आधी वाक्यांचे तीन-चार तुकडे फळ्यावर लिहून द्या, नाहीतर गप्पा मराठीत होतात (माझ्या पहिल्या वर्षी तसंच झालं). मग मुलानं स्वतःचं ऐकायचं आणि हवं तर परत करायचं. वर्गात एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी घरी बाबांचा फोन रात्री आठला हाती आल्यावर तेच वाक्य सहा वेळा रेकॉर्ड करायची आणि सहावं पाठवायची. तिचा 'इन डी' आणि 'इन डेअर' दिवाळीपर्यंत पक्का झाला होता. सगळ्यांचं रोज ऐकणं शक्य नाही. मी रोज पाच ऐकते, आठवड्याच्या कामाच्या दिवसांत बरीच मुलं होतात.

गुण देताना वस्तू योग्य डब्यात गेली याचे वेगळे द्या, वाक्याचे वेगळे. नाहीतर व्याकरणात कच्चं मूल विषय कळूनही गप्प बसतं. ऐकण्याच्या सरावासाठी डॉइचऽ वेलऽ या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही मोफत व्हिडिओ मालिका अगदी पहिल्या पातळीपासून आहे, ती घरी बघायला सांगा, वर्गातला वेळ तिच्यावर घालवू नका.

सुरुवात बाटलीच्या पाठानं करा. दोन तासांत होतो, आणि सामान म्हणून दहा-बारा रिकाम्या बाटल्या पुरतात.