तारेवरचे प्रश्न : साडेसातचा लॅग

प्रश्न : काका, स. न. वि. वि. आम्ही कराडला राहतो. घर जुनं, जाड भिंतींचं, वर एक मजला. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळतो. दुपारी काही तक्रार नसते. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे हे दुकान वाढवून घरी आले की थोड्याच वेळात, वरून आरडाओरडा सुरू होतो. ‘लॅग येतोय, राउटर मेलाय’ असं म्हणतो. लॅग म्हणजे बटण दाबलं तरी खेळात ते उशिरा उमटतं, म्हणे. सव्वाआठला आपोआप थांबतं. आमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. मोजलं तर खाली येताना ९८ आणि वर जाताना १९ दाखवतं. मुलाला आठ अँटेनांचा गेमिंग राउटर हवा आहे, किंमत साडेतेरा हजार. हे म्हणतात, २०० चा प्लॅन घेऊन टाकू, कटकट नको. काय करावं?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तूर्त दोन्ही खर्च थांबवा. आणि पत्रात वेळ लिहिलीत म्हणून आधी तुमचे आभार मानतो. बहुतेकांच्या पत्रात ‘नेट स्लो आहे’ यापलीकडे काही नसतं.

मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधत हिंडलो. एका घरी रोज संध्याकाळी पाचला लाइनवर खरखर यायची. आम्ही खांबापर्यंतची तार बदलली, डीपी (तारा वाटणारी पेटी) उघडून पाहिला, काही नाही. शेवटी एक दिवस पाच वाजता तिथंच बसून राहिलो. पाचच्या ठोक्याला आजी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला आल्या, आणि ते पाणी भिंतीवरून ओघळत थेट रोझेटवर, म्हणजे फोनची तार जोडायच्या डबीवर. तेव्हापासून ठरावीक वेळेचा फॉल्ट म्हटलं की मी यंत्राआधी घरातल्या माणसांचं वेळापत्रक विचारतो. तुमचं तर तुम्ही स्वतःच लिहून दिलंय : ‘हे दुकान वाढवून घरी आले की’.

यजमानांचा खिशातला फोन उंबरठ्याच्या आत आला की घरच्या वायफायला जोडला जातो. मग तो चार्जिंगला लागतो. दिवसभर दुकानात काढलेले फोटो, व्हिडिओ त्याने साठवून ठेवलेले असतात, ते सगळे त्याच घटकेला वर ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत (क्लाउडवर), पाठवायला घेतो. दुकान कशाचं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आजकाल साडीवाला असो की भांडीवाला, गिऱ्हाइकांना पाठवायला मालाचे व्हिडिओ काढतोच. १९ च्या वेगाने पाऊण तासात सहा जीबीच्या आसपास माल वर जातो. तुमचा त्रासही पाऊण तासाचाच आहे. मला हा योगायोग वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खेळाला असं किती नेट लागतं? अगदी थोडं. १०० तर सोडाच, १ एमबीपीएसमध्येही गेम चालून जाईल. त्याला लागते ती वेळ. या खेळाचा सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा कंपनीचा संगणक, सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांना एकदा. तुमच्या मुलाने बटण दाबलं की त्याची चिमूटभर माहिती मुंबईच्या सर्व्हरला लगेच पोचायला हवी.

चक्कीवर काय होतं आठवा. तुम्ही पावशेर मेतकूट दळायला नेलंय आणि पुढे एकाने ज्वारीची चार पोती ओतलीत. चक्की जोरात चाललीय, वेगात काही कमी नाही, पण तुमचा नंबर लागत नाही. राउटरमध्ये हेच होतं. फोन वर पाठवायचा वेग वाढवत नेतो, कुठे एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, गळेपर्यंत. गळलं की तो समजतो, रस्ता भरला, आणि हात आखडता घेतो. पण राउटर पॅकेट गाळण्याऐवजी साठवून ठेवत गेला तर फोनला काही कळतच नाही, तो ओततच राहतो. समजा राउटरमध्ये १ मेगाबाइटची रांग साठली. म्हणजे ८ मेगाबिट. वर जायचा रस्ता सेकंदाला १९ मेगाबिटचा, धरा २० चा. ८ भागिले २०, म्हणजे ०.४ सेकंद, म्हणजेच ४०० मिलिसेकंद. तेवढ्यात सर्व्हरचे पन्नासेक हिशोब होऊन गेले आणि चिरंजीव मरून पडले. ओरडणारच की!

या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने आपल्या घरच्याच नेटचा माग काढताना २०१० च्या सुमारास ते जगापुढे आणलं. त्यावरचा उतारा कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला, ‘कोडेल’ नावाचा. त्याचीच पुढची सुधारलेली रीत म्हणजे ‘एफक्यू-कोडेल’. हा शहाणा चक्कीवाला : प्रत्येकाची वेगळी रांग लावतो, पावशेरवाल्याला मधेच घेतो आणि पोतंवाल्याला वेळेवर सांगतो की बाबा, जरा दमाने.

माझ्यावर विसंबू नका, स्वतः पाहा. मुलाला सांगा, सात वाजता संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड. एकीत राउटरला पिंग, म्हणजे हाक मारून ओ यायला किती वेळ लागतो ते मोजणं, चालू ठेव (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या बुडाच्या स्टिकरवर सापडेल), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हींत पत्त्यामागे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि टी हे अक्षर टाकलं की पिंग थांबत नाही. मग यजमान आले, फोन चार्जिंगला लागला, की बघत बसा. पहिल्या खिडकीत २-३ मिलिसेकंदच राहिले आणि दुसरीत १५ चे ४०० झाले, तर रांग वर जाणाऱ्या रस्त्यावर आहे, मी म्हणतो तीच. दोन्ही खिडक्या एकदम उसळल्या तर वायफायच तुंबलंय. आणि फोन विमान मोडवर टाकूनही दुसरी खिडकी उसळली, तर मात्र केबलवाल्याला फोन करा आणि हे आकडे फोटो काढून पाठवा. आकडे दिसले की तो ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणत नाही.

एक कबुली देतो. गेल्या गणपतीत आमच्याकडे नातू राहायला आला होता. रात्री नऊला त्याचा पिंग ६००. मी दोन दिवस राउटरशी झटलो, अॅडॅप्टर बदलला, चॅनल बदलला, केबलवाल्याच्या माणसाला चहा पाजला. तिसऱ्या दिवशी नातवाने टेबलावरचा माझा फोन उचलून समोर धरला. कोपऱ्यात ढगाचं चिन्ह आणि खाली ‘३१२ बाकी’. मी रोज आरतीचे व्हिडिओ काढत होतो. ३४ वर्षं फॉल्ट शोधले आणि चोर मीच निघालो.

उपाय स्वस्त आहे. आधी यजमानांच्या फोनमधल्या फोटोंच्या अॅपमध्ये जाऊन बॅकअप बंद करा. झोपायच्या वेळी चालू करायची सवय लावली की झालं. पण उद्या तुम्ही घरी कॅमेरा बसवाल, परवा कुणी पाहुणा येईल, म्हणून राउटरमध्येही बघा. त्यात रांगेला शिस्त लावणारं, क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाचं पान असेल, तिथं वर जायचा वेग मोजलेल्या १९ च्या ऐवजी १६-१७ लिहा. वेग मुद्दाम कमी का? कारण मग रांग केबलवाल्याच्या डब्यात न साठता तुमच्या डब्यात साठते, आणि तिला शिस्त लावणं तुमच्या हातात येतं. केबलवाल्याने दिलेल्या डब्यात हे पान नसतं, किंवा असून नावापुरतं असतं. तसं असेल तर ज्यावर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ (राउटरसाठीची फुकट मिळणारी प्रणाली) चढतं असा साधा राउटर घ्या, मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याला हे जमायला हवं. गेमिंग राउटरही हे काम करतात, नाही असं नाही, पण त्या आठ अँटेनांचा आणि रांगेचा काही संबंध नाही. २०० चा प्लॅन घेऊन वरचा वेग दुप्पट झालाच, तर पाऊण तासाचा आरडाओरडा वीस-बावीस मिनिटांवर येईल, एवढंच.

राहिली तुमची जाड भिंत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तीतून वर जाताना दमतं, म्हणून मुलाचा संगणक बहुधा २.४ वर असणार, आणि त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर आणि तुमचा मायक्रोवेव्हही बसलेला. सरळ वायर ओढा. कॅट ६ ची २० मीटर पुरे, खिडकीच्या चौकटीतून नेऊन वर केसिंग-पट्टी मारली की दिसायलाही वाईट नाही. क्रिम्पिंग करणाऱ्याला, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लग बसवणाऱ्याला, आतल्या आठही तारा लावायला सांगा. चार तारांवरही नेट चालतं, म्हणून काही जण तेवढ्याच लावून मोकळे होतात, आणि मग त्या वायरीवरून १०० च्या वर काही जात नाही.

प्रश्न : मी नागपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. प्लेस्टेशन ५ वर ‘एनएटी टाइप ३’ दिसतो, म्हणजे बाहेरून माझ्याशी जोडणं सगळ्यांत अवघड. मित्रांच्या पार्टीत शिरलो तर अर्ध्यांचा आवाज येत नाही. ऑनलाइन वाचून पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमध्ये खेळासाठी ठरावीक दार उघडणं) केलं, तीनदा. काही फरक नाही. केबलवाल्याच्या डब्याला मी माझा चांगला राउटर जोडला आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुझं दुखणं शेवटच्या वाक्यात आहे. केबलवाल्याचा डबा हाही राउटरच असतो. म्हणजे सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन, विंगच्या दारात दुसरा, आणि दोघे आपापल्या वहीत वेगवेगळं नाव लिहितात. तू दुसऱ्याला सांगितलंस, अमुक आला तर आत सोड. पण गेटवरच्याने त्याला केव्हाच परत पाठवलंय.

तुझ्या राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघ. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुतेक वॉचमन दोन आहेत. केबलवाल्याला त्याचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांग, म्हणजे तो राउटरगिरी सोडून नुसती जोडणी पुढे देईल, लॉगिन मात्र मग तुझ्या राउटरमध्ये भरावं लागेल, ते आधी मागून घे. तो ऐकत नसेल तर तुझा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, टाक. यूपीएनपी (खेळाला लागणारी दारं आपोआप उघडायची सोय) एकाच ठिकाणी, जो खरा राउटर उरेल त्यात चालू ठेव. टाइप २ आला की काम झालं, टाइप १ च्या मागे लागू नकोस.

पण तो पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असला, तर गेट तुझ्या सोसायटीचं नाहीच, अख्ख्या वस्तीचं आहे. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, आणि त्यासाठीच २०१२ मध्ये हा पट्टा राखून ठेवला गेला. अशा वेळी आपल्या राउटरमध्ये तीनदाच काय, तीनशे वेळा पोर्ट उघडलं तरी व्यर्थ. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुझा असा कायमचा पत्ता, मागून घे, त्याचे वेगळे पैसे पडतात.

प्रश्न : माझा चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. शनिवारी एकत्र खेळायचं ठरवलं, पण भारतातल्या सर्व्हरवर त्याचा पिंग २३०, तिकडच्या सर्व्हरवर माझा २३०. कोणता राउटर घ्यावा?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : कोणताच नको. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन २५ हजार किलोमीटर, म्हणजे १२५ मिलिसेकंद नुसत्या प्रवासाचे, तेही रेषेत तार टाकली असती तर. खरी तार समुद्रातून वळसे घेत, ठेसनं घेत जाते. तुमचे २३० काही वाईट नाहीत.

ज्या खेळात सर्व्हर निवडता येतो त्यात लंडन किंवा फ्रँकफर्ट निवडा. दोघांनाही थोडा थोडा त्रास होईल, पण सामना तरी बरोबरीचा होईल. तुमच्या वाट्याला भावापेक्षा थोडा जास्तच येईल, कारण लंडन त्याला जवळ पडतं. आणि वेळ आधी नक्की करा : न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. तुमच्या शनिवारी रात्री नऊला तो नुकता उठून दात घासत असेल.