केनियाच्या सहलीआधी कोणत्या लसी घ्याव्यात? यलो फिव्हरची लस सक्तीची आहे का?

ऑगस्टमध्ये मसाई माराला जायचंय, सोबत ६६ वर्षांचे वडील आणि ६१ वर्षांची आई आहेत, आणि टूरवाले म्हणतात की "यलो फिव्हरचं कार्ड तेवढं करून घ्या, बाकी काही लागत नाही". हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. अर्धं खरं आहे. कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचा दाखला, लागतंच. "बाकी काही लागत नाही" हे मात्र साफ चूक, कारण तिकडे माणूस आजारी पडतो तो बहुतेक त्या बाकीच्यामुळेच. मी डॉक्टर नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं नैरोबीत राहते, आणि जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे विल्डबीस्ट या मोठ्या हरणासारख्या प्राण्यांचे कळप माऱ्यात असतात तेव्हा, आमच्याकडे पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांची रीघ लागलेली असते. त्यातून जे कळलंय ते सांगते.

आधी हे कार्ड मागतं कोण ते बघा. मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनियाला यलो फिव्हरचं कार्ड नको असतं, कारण भारतात हा रोगच नाही. ते मागतात आपलेच लोक, परतताना. मुंबईला विमानातून बाहेर पडलात की इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं टेबल असतं, तिथे पिवळं कार्ड दाखवावं लागतं. कार्ड नसेल, तर तुम्हाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. लोकांना ही दादागिरी वाटते. पण हा रोग पसरवणारा एडिस डास म्हणजे आपला डेंग्यूवालाच, दादर-परळमध्ये दर पावसाळ्यात भेटणारा. डास आहे, माणसांची गर्दी आहे, फक्त विषाणू नाही, आणि तो येऊ नये म्हणून हे टेबल. २०१६ साली अंगोलात मोठी साथ आली तेव्हा तिथे कामाला गेलेले ११ चिनी लोक हा रोग घेऊन मायदेशी परतले होते. आशियात तो पोचल्याची ती पहिलीच वेळ. त्यामुळे टेबलावरच्या माणसाशी हुज्जत घालू नका.

आणि लस निव्वळ कागदासाठी आहे असंही नाही. २०२२ मध्ये केनियातच इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती. नुसतं नैरोबी आणि मोंबासाकडचा किनारा करणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटना साधारणपणे ही लस घ्यायला सांगत नाही. माऱ्याला जाणाऱ्यांना सांगते.

लस एकच, एकदाच. २०१६ पासून कार्ड जन्मभर चालतं, पूर्वीसारखं दर १० वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही. पण ते वैध धरलं जातं लस घेतल्यानंतर १० दिवसांनी, तेव्हा जायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. शिवाय ही लस तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन चालत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत सहारला विमानतळाच्या आरोग्य विभागाकडे आणि बंदराच्या आरोग्य विभागाकडे मिळते, गोव्यात मुरगाव बंदराकडे. बाकीच्या गावांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. लसीची कुपी बहुधा अनेक डोसांची असते आणि एकदा फोडली की ६ तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी, आधी नंबर लावलेल्यांनाच बोलावतात. सुट्ट्यांच्या आधी नंबर मिळता मिळत नाही. आजच बघायला घ्या.

जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा: नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे ना, पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, लसीचा बॅच नंबर, तारीख, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. खाली तुमची स्वतःची सहीही लागते, ती निम्मे लोक विसरतात. खाडाखोड असलेलं कार्ड बाद धरलं जाऊ शकतं, त्यामुळे चूक दिसली तर नवीनच मागा. पुढे कधी पासपोर्ट बदलला तर जुना फेकू नका, कार्डावर नंबर त्याचाच असतो.

टोचायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतात: अंड्याची अॅलर्जी आहे का? लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवलेली असते म्हणून. आपल्याकडच्या काकू ताठ मानेने सांगतात, "आम्ही अंड्याला शिवतसुद्धा नाही हो!" अॅलर्जी आहे का नाही, याचं हे उत्तर नव्हे. कधी बेकरीचा केक खाल्लाय का, तेव्हा घसा-ओठ सुजले होते का, अंगावर पित्त उठलं होतं का, ते आठवा आणि सांगा. खरोखरच कधी अंशभरही अंडं पोटात गेलेलं नसेल तर तेही स्पष्ट सांगा. धर्माचा प्रश्न समजून गप्प बसू नका. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, त्यातही घाई करू नका.

आता तुमचे आई-वडील. तुमच्या प्रश्नात खरी मेख इथे आहे आणि टूरवाल्यांनी ती सांगितलेली दिसत नाही. ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तरीही ती फारच कमी, लाखात मोजक्याच जणांना, आणि या वयाचे पुष्कळ लोक ती घेऊन मजेत फिरून येतात. पण "सगळे घेतात, तुम्हीही घ्या" एवढ्यावर भागवू नका. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइड चालू आहे का, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे का, कॅन्सरचे उपचार झालेत का, थायमस ग्रंथीचा काही आजार झाला होता का. थायरॉइड नव्हे, थायमस, छातीतली ग्रंथी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या निम्म्या आयांचा इथे उगाच गोंधळ होतो. यातलं काही असेल तर लस टाळतात आणि डॉक्टर तसं सूटपत्र देतात. मात्र सूटपत्राने डास चावायचा थांबत नाही, आणि परतल्यावर टेबलावर जास्तीचे प्रश्न होतातच. तसं असेल तर मी सरळ म्हणेन, त्यांना माऱ्याऐवजी दुसरीकडे कुठेतरी न्या.

मलेरियाचं कार्ड नसतं, तो कुठल्याच टेबलावर कुणी विचारत नाही, आणि म्हणून त्याची कुणाला आठवणच होत नाही. नैरोबी शहर उंचावर असल्याने तिथे धोका कमी. माऱ्यात, नाकुरूकडे, किनाऱ्यावर आहे. आणि आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम, म्हणजे मेंदूवर जाणारा. आपल्या लहानपणीच्या क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. तो टाळायला डॉक्टर सहसा अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सीसायक्लिन देतात. दोन्ही जायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज घ्यायची. पहिली परतल्यावर ७ दिवस, दुसरी ४ आठवडे चालू ठेवायची. डॉक्सीसायक्लिनने ऊन जास्त बाधतं आणि लहान मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते म्हणून सोपी वाटते, पण कुणाला डिप्रेशन किंवा फिट्सचा त्रास असेल तर नको. "होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्यात, आम्हाला चालतात" असं सांगणारे पाहुणेही मी पाहिलेत. मलेरिया टाळायला त्या चालत नाहीत, यात दोन मतं नाहीत.

माझ्या मावसदिरांचं उदाहरण सांगते. मुंबईत उतरल्याबरोबर "आता कसला मलेरिया" म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोनेक आठवड्यांनी थंडी वाजून ताप. सप्टेंबरचा महिना, जवळच्या दवाखान्यात डेंग्यूची तपासणी केली, निगेटिव्ह आली. प्लेटलेट उतरत होत्या म्हणून तरीही डेंग्यूच धरून सलाइन चालू ठेवलं. मलेरियातही प्लेटलेट उतरतात. चौथ्या दिवशी वहिनी सहज बोलून गेल्या की हे नुकतेच केनियाहून आलेत, तेव्हा रक्ताची काच तपासली आणि फाल्सिपॅरम निघाला. आठवडाभर आयसीयूत होते. वाचले. म्हणून आईबाबांना, तुमच्या जोडीदाराला, सगळ्यांना पढवून ठेवा: परतल्यावर काही महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरपुढे पहिलं वाक्य "आफ्रिकेतून आलोय, मलेरिया तपासा".

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. ऑगस्टमध्ये माऱ्यात पहाटे कडाक्याची थंडी असते, जीपचं छप्पर उघडं असतं, तेव्हा तुम्ही आपसूकच गुंडाळून बसाल. गाफील राहता ते संध्याकाळी शेकोटीपाशी, चप्पल घालून. मोजे घाला, डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम घोट्यांना लावा, तंबूतली मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

बाकीच्या लसींत टायफॉइडची (नवी कॉन्ज्युगेट लस) आणि धनुर्वाताची, १० वर्षांत घेतली नसेल तर, घेऊन टाका. हिपॅटायटिस ए आपल्या आईबाबांच्या पिढीला लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या तुमच्या-आमच्या पिढीने मात्र डॉक्टरांना विचारावं.

वडिलांना इन्सुलिन असेल तर ते हातातल्या बॅगेत, सामानात टाकलं तर विमानाच्या पोटात गोठू शकतं. औषधांची चिठ्ठी मूळ नावांसकट घ्या, आपले ब्रँड तिकडे कुणाला कळत नाहीत. आणि औषधं प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधून नेऊ नका, केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. कापडी पिशवी शिवून घ्या.

विमा काढताना बीपी, शुगर लपवू नका, आणि माऱ्यातून छोट्या विमानाने नैरोबीच्या हॉस्पिटलात हलवायचा खर्च त्यात धरलाय का ते विचारा. आम्रेफ ही नैरोबीची जुनी संस्था फ्लाइंग डॉक्टरची सेवा चालवते, काही टूरवाले तिचं संरक्षण पॅकेजमध्येच देतात. तुमच्यात आहे का ते लेखी घ्या.

शेवटी, सहलीत टांझानियाचं सेरेंगेटी जोडणार असाल तर नामांगाच्या सीमेवर टांझानियाचे लोक पिवळं कार्ड मागतात, कारण तुम्ही केनियातून येत असता. सगळ्यांची कार्डं एकाच माणसाच्या खिशात असू द्या. मोठी बॅग मागे सामानाखाली दबलेली असते आणि रांग उन्हात असते.